वेलीची चाल

विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंताने १८६२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भिंतीवर चिकटवण्याच्या कागदासाठी आपली पहिली नक्षी रेखाटली, तेव्हा तिच्यातली लाकडी जाळी त्याच्या हातची होती, जाळीवर चढत गेलेला काटेरी गुलाबही त्याच्याच हातचा होता. पण त्या गुलाबात येऊन बसलेले पक्षी मात्र त्याने काढलेले नव्हते. ते काढून दिले फिलिप वेब या त्याच्या वास्तुविशारद मित्राने, कारण पक्षी आपल्या पेन्सिलीत नीट उतरत नाहीत असे मॉरिसला प्रामाणिकपणे वाटत होते. पुढे पंचवीस वर्षांनी, म्हणजे त्याची कीर्ती सर्वदूर झाल्यावर, १८८७ साली त्याच्या कारखान्यात ‘फॉरेस्ट’ नावाचा मोठा भिंतपट (टॅपेस्ट्री) विणला गेला, तेव्हाही त्यातला सिंह, ससा, कोल्हा, मोर हे सारे प्राणी वेबकडूनच आले आणि त्यांच्याभोवतीचे पानांचे अरण्य तेवढे मॉरिसने उभे केले.

मनुष्याकृतीच्या बाबतीतही तेच. ऑक्सफर्डमधल्या विद्यार्थिदशेत एडवर्ड बर्न-जोन्सशी त्याची मैत्री जुळली, पुढे रोसेटीसारख्या प्रभावी चित्रकाराने त्याला रंगपेटीकडे ओढले आणि १८५८ च्या सुमारास त्याने इझल्ट या मध्ययुगीन कथेतील राणीचे तैलचित्रही पुरे केले. परंतु हातून पुरे झालेले असे ते एवढे एकच चित्र आज त्याच्या नावावर आहे. त्यातली उभी स्त्री जराशी अवघडलेली वाटते, आणि तिच्या पाठीमागचे पडदे, गालिचा, मेजावरचे वस्त्र यांवर नजर गेली की चित्रकाराचा जीव कशात रमला होता हे कोणी सांगावे लागत नाही. आपल्याला काय जमत नाही हे ज्याला तिशीच्या आत उमगले आणि जे जमते त्याला ज्याने पुढची चौतीस वर्षे अक्षरशः वाहून घेतले, अशा माणसाची ही हकीकत आहे.

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनलगतच्या वॉल्थमस्टो गावी झाला. वडील लंडनच्या पेढ्यांवर हुंड्यांचा व्यवहार करणारे सधन गृहस्थ. मूल सहा वर्षांचे असताना कुटुंब वुडफर्डच्या प्रशस्त घरात राहावयास गेले आणि त्या घराच्या कुंपणापलीकडे एपिंगचे जंगल सुरू होत होते. लहानपणी त्याला खेळण्यातले चिलखत करून दिले होते. ते अंगावर चढवून तट्टावरून तो या जंगलात मनसोक्त हिंडे. वारंवार छाटल्यामुळे वेडीवाकडी वाढलेली तिथली हॉर्नबीमची झाडे त्याला तोंडपाठ होती, असे म्हटले तरी चालेल. त्याच रानाच्या कडेला चिंगफर्ड येथे एलिझाबेथ राणीच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी शिकारकोठी आहे. तिच्या एका दालनात पानाफुलांचे, विटून फिकट झालेले विणीव पडदे टांगलेले असत, आणि त्या दालनात प्रथम पाऊल टाकताना मनावर झालेला संस्कार मॉरिसने पुढे एका व्याख्यानात आठवणीने नमूद केला आहे. बाहेर जिवंत अरण्य आणि आत भिंतीवर उतरलेले अरण्य, ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच पोराच्या डोळ्यांनी पाहिली. याखेरीज घरच्या ग्रंथसंग्रहात जॉन जेरार्डचा १५९७ सालचा वनस्पतिकोश होता. त्यातली लाकडावर कोरून छापलेली झाडांची चित्रे छायाप्रकाशाने भरलेली नाहीत. मुळापासून शेंड्यापर्यंत रोप सपाट कागदावर उलगडून ठेवावे तशी ती आहेत. नक्षीकाराला हवे असते ते हेच, आणि मॉरिसने हा ग्रंथ आयुष्यभर जवळ केला. चित्रांसाठी तर केलाच, पण कोणत्या रोपापासून कोणता रंग निघतो त्या माहितीसाठीही केला.

त्या काळच्या इंग्लंडात नक्षीचा प्रश्न हा साधा आवडीनिवडीचा प्रश्न राहिला नव्हता. यंत्रावर छापलेले स्वस्त कागद घरोघर जाऊ लागले होते आणि त्यांवर गुबगुबीत, सावल्या पडलेले, हात लावला तर पाकळ्या गळतील असे गुलाब दाटीवाटीने फुललेले असत. भिंत ही भिंत आहे, तिच्यावर खोली असल्याचा भास निर्माण करणे हा खोटेपणा आहे, असे म्हणणारा एक सुधारकांचा पक्ष याविरुद्ध उभा राहिला. त्यातल्या ओवेन जोन्सने १८५६ साली ‘ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ हा जगभरच्या अलंकरणांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला आणि नक्षी सपाट, भूमितीने बांधलेली, निसर्गाची केवळ सूचना देणारी असावी असा दंडक घातला. हा दंडक तत्त्वतः बरोबर होता. पण त्याच्या अंमलाखाली निघालेल्या पुष्कळशा नक्ष्या इतक्या कोरड्या आहेत की त्यांतले पान कधी झाडाला लागलेले असेल अशी कल्पनाही मनात येत नाही. मॉरिसने सुधारकांचा मुद्दा मान्य केला, कोरडेपणा मात्र नाकारला. त्याचे पान सपाटच असते, त्यावर सावली नसते. पण ते देठाला लागलेले असते, देठ फांदीला, फांदी खोडाला, आणि बोटाने माग काढीत गेले तर आपण कुठून तरी उगवलेल्या एका झाडाच्या अंगावरून चाललो आहोत याची खात्री पटत जाते. फुलाचे रूप टिपणारे चित्रकार पुष्कळ झाले. मॉरिसने टिपली ती वेलीची चाल, म्हणजे ती कुठे वळते, कुठे दुसऱ्या फांदीखालून जाते आणि कुठे श्वास घ्यावा तशी एक कळी सोडते ते.

येथे नक्षीच्या रचनेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. भिंतीचा कागद म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापलेला असतो. तेव्हाच्या इंग्लंडात या कागदाचा पन्हा २१ इंचांचा असे. तेवढ्या मर्यादेत कलावंताने एक चौकोन काढायचा आणि तो वरखाली, डावीउजवीकडे स्वतःलाच असा जोडला गेला पाहिजे की सांधा दिसता कामा नये. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या कोणत्याही बाईला यातले मर्म चटकन समजेल, कारण तिच्या कमळाखाली ठिपक्यांची जाळी असते तशीच प्रत्येक नक्षीखाली एक जाळी असते. फरक एवढाच की रांगोळीत ठिपके शेवटपर्यंत दिसतात आणि चांगल्या कागदात जाळी दिसू द्यायची नसते. चौकोन सरळ ओळीत मांडले तर डोळ्याला लगेच रांगा दिसू लागतात. म्हणून शेजारचा पट्टा अर्ध्या चौकोनाने खाली उतरवून जोडण्याची एक युक्ती आहे. तिच्यामुळे नक्षी तिरपी धावू लागते आणि तोच तो तुकडा पुन्हा आला आहे हे नजरेला सहजी पकडता येत नाही. ‘नक्षी रेखाटनाविषयी काही सूचना’ अशा आशयाच्या शीर्षकाचे एक व्याख्यान मॉरिसने १८८१ साली लंडनच्या कामगार महाविद्यालयात दिले; त्यात अशा जाळ्यांचे प्रकार त्याने एकेक करून समजावले आहेत, आणि नक्षीत सौंदर्याबरोबर सुव्यवस्था व गूढता या दोन्ही गोष्टी हव्यात असा आग्रह धरला आहे. सुव्यवस्था नसेल तर नक्षीचा रानोमाळ पसारा होतो. गूढता नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत सांगाडा उघडा पडतो आणि उरलेली वीस वर्षे माणसाला त्या सांगाड्याच्या संगतीत काढावी लागतात.

१८८७ सालच्या ‘विलो बाउ’ या त्याच्या कागदापुढे थोडा वेळ उभे राहून पाहावे. वाळुंजाच्या बारीक डहाळ्या आणि त्याच्या लांबट, टोकदार पानांखेरीज त्यात काही नाही. टेम्स नदीच्या वरच्या अंगाला केल्म्सकॉट या खेड्यात मॉरिसने १८७१ पासून एक जुना दगडी वाडा भाड्याने घेतला होता. तिथल्या ओहोळाकाठी फिरताना वाळुंजाच्या पानांतले बारकावे वडील आपल्याला कसे दाखवीत असत याची आठवण त्याची कन्या मे मॉरिस हिने लिहून ठेवली आहे. कागदावरची एकेक डहाळी पाहावी तर नदीकाठची आठवते. काही पाने सरळ, काही पालथी पडलेली, काही जोडीने एका पेऱ्यातून फुटलेली. दूर सरून सबंध भिंत पाहिली म्हणजे ध्यानात येते की या मोकळ्या दिसणाऱ्या डहाळ्या सगळ्या एका लयीत वर चढत आहेत, दोन फांद्यांमधली पोकळी सर्वत्र जवळजवळ सारखी राखली आहे, आणि कुठेही भोक पडल्यासारखे किंवा गाठ बसल्यासारखे दिसत नाही. वाऱ्याच्या झुळकेचा भास व्हावा इतकी ही नक्षी सहज आहे. पण ती सहजता पेन्सिलीने मोजून, खोडून, पुन्हा मोजून आणलेली आहे.

आराखडा तयार झाला म्हणजे काम संपत नसे. रंगागणिक निराळे ठसे कोरावे लागत; मोठ्या रंगीत जागांसाठी ठशावर बनात बसवीत आणि सूक्ष्म रेषांसाठी व ठिपक्यांसाठी धातूच्या पट्ट्या नि खिळे लाकडात ठोकीत. छापणारा कारागीर एक रंग संपूर्ण गुंडाळीवर छापी, तो कागद वाळे, मग दुसरा रंग, मग तिसरा. १८७५ सालच्या ‘अकँथस’ या कागदाला ३० ठसे लागत. एका ठशाची जागा केसभर चुकली तरी सारी गुंडाळी वाया जाई. हे काम मॉरिसने स्वतः करून पाहिले होते. पहिल्या नक्षीच्या वेळी जस्ताच्या पत्र्यावरून छापण्याचा त्याचा खटाटोप फसला आणि त्याने छपाई त्या धंद्यात मुरलेल्या कारखान्याकडे सोपवली, परंतु प्रत्येक आराखड्याचा कोरणाऱ्याने काढलेला छाप नजरेखालून घालण्याची वहिवाट त्याने शेवटपर्यंत मोडली नाही.

कापडाच्या बाबतीत तो याहून हट्टी होता. १८७३ साली ‘ट्यूलिप अँड विलो’ ही नक्षी कापडावर छापण्यासाठी त्याने एका छापखान्याला दिली. तिथे नीळ न वापरता प्रशियन निळा वापरला गेला आणि हाती आलेले कापड पाहून तो कमालीचा निराश झाला. दुसरा एखादा असता तर त्याने छापखाना बदलला असता. याने स्वतः रंगारी होण्याचे ठरवले. स्टॅफर्डशायरमधील लीक येथे टॉमस वॉर्डल नावाचा रेशीम रंगवणारा कारखानदार होता; १८७५ पासून दोन वर्षे मॉरिस त्याच्याकडे खेटे घालीत राहिला, अस्तन्या सारून हौदात हात घालीत राहिला, आणि कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन लंडनच्या प्रतिष्ठित मंडळींत वावरला. १८५६ साली कृत्रिम जांभळ्या रंगाचा शोध लागल्यापासून दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या भडक रंगांनी बाजार भरून गेला होता. ते रंग त्याला डोळ्यांसमोर नकोसे वाटत. जुने ग्रंथ धुंडाळून तो निळीकडे, मंजिष्ठेकडे, अक्रोडाच्या सालीकडे आणि पिवळ्या रंगासाठी वेल्ड नावाच्या रानरोपाकडे वळला.

निळीचे वैशिष्ट्य असे की ती पाण्यात विरघळत नाही. क्षारयुक्त हौदात तिच्यातला प्राणवायू काढून घेतला म्हणजे ती पिवळट हिरव्या रूपात विरघळते. कापड हौदातून बाहेर येते तेव्हा हिरवेच दिसते आणि हवा लागताच पाहता पाहता निळे होत जाते. हे डोळ्यांदेखत घडणारे परिवर्तन आपल्याकडच्या जुन्या रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण निळीचा ठसा उठवणे कठीण, कारण ठशावरच तिला हवा लागते. म्हणून मॉरिसने उलटी पद्धत अंगीकारली: सबंध कापड प्रथम गडद निळे रंगवायचे, मग जिथे निळा नको तिथे रंग उडवणारे द्रव्य ठशाने छापायचे. द्रव्य तीव्र असेल तर पांढरे निघते, सौम्य असेल तर फिकट निळे. आणि त्या पांढऱ्या झालेल्या जागी तांबडा व पिवळा चढवायचा, निळ्यावर पिवळा आला की हिरवा होतो. ही पद्धत त्याला लीकमध्ये साधली नाही. १८८१ साली लंडनच्या दक्षिणेस मर्टन ॲबी येथे, वँडल नदीच्या काठी त्याने स्वतःचा कारखाना थाटला. तिथले पाणी धुलाईस मानवले, हिरवळीवर कापड पसरून ठेवता आले, आणि १८८३ साली ती सिद्धीस गेली.

ती ज्या कापडावर सिद्धीस गेली त्याचे नाव ‘स्ट्रॉबेरी थीफ’, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. केल्म्सकॉटच्या बागेत कस्तुर जातीचे पक्षी जाळीखालून शिरून पिकलेली फळे पळवीत; माळी त्यांच्या मुळावर उठला होता, पण पक्ष्यांच्या केसालाही धक्का लावायचा नाही असा मॉरिसचा सक्त हुकूम होता. महाबळेश्वरच्या वाफ्यांत पाखरांची अशी झुंबड ज्यांनी पाहिली असेल त्यांना माळ्याची बाजूही कळेल. कापडावर काळपट निळ्या भुईवर पक्ष्यांच्या जोड्या समोरासमोर बसल्या आहेत. एका जोडीच्या चोचीत चोरलेले फळ आहे, दुसरीने गाण्यासाठी चोच उघडली आहे, ठिपकेदार छातीचा एकेक ठिपका वेगळा मोजता येतो, आणि मध्ये आरशात पडावे तसे डावेउजवे सारखे वेल, फुले, लालबुंद फळे. इथे जाळी लपवलेली नाही, सममिती उघड आहे. पण ती उघड असूनही कंटाळा येत नाही याचे कारण मला असे वाटते की पक्षी स्थिर आहेत आणि वेल चालती आहे, आणि नजर एकावर विसावली की दुसरी तिला पुढे नेते. एवढे ठसे आणि एवढे दिवस खाणारे हे कापड त्याच्या दुकानातल्या महागड्या कापडांपैकी होते, तरीही गिऱ्हाईक त्यालाच अधिक.

अशा छापील सुती कापडाला इंग्रजीत ‘चिंट्झ’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच चिटाचा आहे. सुरतेहून आणि कोरोमांडल किनाऱ्याहून गेलेल्या चिटांनी दोन शतके युरोपला वेड लावले होते. मॉरिस ज्या विद्येसाठी हौदात हात घालीत होता ती मुळात या भूमीची होती, आणि त्याचे भान त्याला होते. १८७९ साली बर्मिंगहॅम येथे केलेल्या एका भाषणात हिंदुस्थानातील हस्तकला इंग्रजी व्यापाराच्या जात्यात भरडल्या जात आहेत आणि सरकार तुरुंगांतील कैद्यांकडून स्वस्त गालिचे विणवून घेऊन त्या कलेची अब्रू घालवीत आहे, असे त्याने स्वतःच्या देशबांधवांना सुनावले. त्याचा गुरू वॉर्डल याने विदर्भात आपण ज्याला कोसा म्हणतो त्या टसर रेशमावर रंग चढवण्याची कृती बसवली आणि १८८५ च्या सुमारास तो रेशमाच्या पाहणीसाठी हिंदुस्थानातही येऊन गेला. मुंबईशी आणखी एक धागा आहे. जे. जे. कलाशाळेत १८६५ साली शिल्प शिकवायला आलेला लॉकवुड किप्लिंग, ज्याची उत्थित शिल्पे क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर आजही दिसतात, तो बर्न-जोन्सचा साडू. त्याचा मुंबईत जन्मलेला मुलगा रुडयार्ड लंडनला मावशीकडे नाताळाच्या सुटीत राहायला जाई, तेव्हा तिथे येणारा मॉरिस त्याचा काका झाला होता. एकदा मुलांच्या झुलत्या लाकडी घोड्यावर बसून या काकाने आइसलँडची एक भयंकर कथा सांगितली, असे रुडयार्डने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे.

या कहाणीला काळी बाजू आहे आणि ती झाकणे बरे नव्हे. मॉरिसला घरातून लाभलेली मालमत्ता डेव्हन परगण्यातील तांब्याच्या खाणीच्या भागभांडवलातून आलेली होती. ती खाण पुढे सोमलाच्या उत्पादनाबद्दल प्रसिद्ध झाली, काही वर्षे मॉरिस तिच्या संचालकांत होता, आणि त्याच्या सुरुवातीच्या कागदांतील हिरव्या रंगात सोमलच असे. ‘ट्रेलिस’ या त्याच्या जाळी-गुलाबाच्या पहिल्या नक्षीच्या एका जुन्या तुकड्याच्या रासायनिक परीक्षणात तो आढळून आला आहे. ओलसर भिंतीवर अशा कागदाने माणसे आजारी पडतात असे डॉक्टर सांगत असताना मॉरिसने ते फारसे मनावर घेतले नाही. हा त्याचा दोष मला क्षम्य वाटत नाही. दुसरे शल्य त्याचे त्यालाच होते: हाताने केलेली वस्तू महाग पडते, ती श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जाते, आणि आपण सर्वांसाठी म्हणून जे करतो ते मूठभरांच्या चैनीची चाकरी ठरते. १८८३ साली, स्ट्रॉबेरीचोराच्याच वर्षी, तो समाजवादी संघटनेत सामील झाला, रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभा राहून भाषणे करू लागला. तरी रेखाटणे थांबले नाही. इव्हनलोड, केनेट, वँडल, क्रे अशी टेम्सच्या खोऱ्यातल्या नद्यांची नावे दिलेल्या तिरप्या, वाहत्या नक्ष्या याच धामधुमीच्या वर्षांतल्या आहेत.

हाताला स्वस्थता नव्हतीच. १८७९ साली हॅमरस्मिथच्या घरी निजण्याच्या खोलीत त्याने माग बसवला, पहाटे उठून भिंतपट विणण्याचे कसब पुस्तकावरून स्वतःचे स्वतः शिकला, आणि अकँथसची पाने व द्राक्षवेल असलेल्या त्या पहिल्या वस्त्रावर किती तास गेले त्याचा हिशेब वहीत टिपून ठेवला. ती बेरीज ५१६ तासांची भरते. ज्याच्या हाती ही विद्या त्याने पुढे सोपवली तो हेन्री डर्ल १८७८ साली दुकानात पोऱ्या म्हणून आला होता. मॉरिसच्या नावावर खपणाऱ्या उत्तरकाळातील कितीतरी नक्ष्या या डर्लच्या आहेत. मे मॉरिसने तेविसाव्या वर्षी भरतकामाचे खाते सांभाळले. ‘हनीसकल’ हा देखणा कागद तिचा. आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांत मॉरिसने स्वतःचे मुद्रणालय काढले आणि पानांच्या समासात त्याच वेली, तीच द्राक्षे, आता काळ्या शाईत, पुन्हा पसरू लागली.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी मॉरिस वारला. तीन दिवसांनी, वादळी पावसात, लेचलेड स्थानकापासून केल्म्सकॉटच्या चर्चपर्यंत त्याची शवपेटी शेतावरच्या उघड्या गाडीतून नेण्यात आली. गाडीला वाळुंजाच्या डहाळ्या आणि पाणथळीतले लव्हाळे बांधले होते. त्याच्या थडग्यावरचा दगड फिलिप वेबने आखून दिला.